शेवटचं पान आधी

पुस्तक हातात आलं की अक्का आधी शेवटचं पान उघडायच्या. खाली तमिळमध्ये ‘मुट्रुम’, म्हणजे समाप्त, असं छापलेलं दिसलं तर मग पहिलं पान. ‘तोडरुम’, म्हणजे पुढे चालू, असेल तर पुस्तक तिथल्या तिथे परत. “संपलं नाहीं तें मज नको,” एवढंच म्हणायच्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल; भेंडी मोडून बघितल्याशिवाय न घेणारं. आम्ही अक्कांना त्यातल्याच समजून हसायचो.

कुंभकोणमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या मला सीनियर. दिवसभर तमिळमध्ये ट्रंक कॉल जोडायचे आणि डबा उघडला की दोघींनी घरची तंजावरी मराठी बोलायची, मधूनमधून तमिळ ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, पेरत. अक्कांच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा ‘पापनाशमला जाऊन येतो’ म्हणून सकाळच्या बसने गेला तो आलाच नाही. त्याला दहा वर्षं होत आली होती. आज सांबारात काय घातलंय हे सांगावं तसं त्या हे सांगायच्या. ऐकून ऐकून मलाही काही वाटेनासं झालं होतं, खोटं कशाला सांगू!

त्या सुमारास बसस्टँडवरच्या स्टॉलला एक नवी तमिळ कादंबरीमालिका आली. मद्रासच्या बस डेपोत, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसणारी यक्षिणी. लोक छत्र्या, डबे शोधायला येतात. एक बाई नवरा शोधायला येते. बसमध्ये चढलेला, कुठल्याच थांब्यावर न उतरलेला. मी पहिला भाग एका बैठकीत संपवला. आता बोलायला कुणीतरी हवं होतं, पण शेवटी ‘तोडरुम’.

मग मी आगाऊपणा केला. घरातल्या एका फाटक्या कादंबरीतलं ‘मुट्रुम’ कात्रीने कापलं आणि भाताच्या शिताने त्यावर चिकटवून पुस्तक अक्कांना दिलं.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी डबा उघडलाच नाही. नखाने खरवडलेलं शेवटचं पान माझ्यापुढे धरलं.

“हें तूंच केलीस कीं?”

“चुकलं, अक्का.”

“चुकलं तें सरी. दुसरा भाग कोठें अहे?”

असे दोनेक वर्षांत चार भाग आम्ही वाचले. नवा भाग आला का ते बघायला अक्का स्वतः स्टॉलवर जायच्या. “ती यक्षिणी लबाड अहे. तिला अस्की, सगळें ठाऊक अहे, सांगत नाहीं,” असं हेडफोन कानाला लावून मला सांगायच्या आणि तिकडे तंजावूरचा व्यापारी लाइनवर ‘हॅलो, हॅलो’ करत असायचा.

पाचवा भाग आला नाही.

तेवढ्यात नाचियारकोविलहून त्यांचे दीर आले. त्यांचं तिथे पितळी दिव्यांचं दुकान. म्हणाले, “वहिनी, बारा वर्षं भरली. दर्भाचा पुतळा करून दादाचं कार्य उरकूं.” परागंदा माणसाचं असंच करतात. अक्कांनी आठ दिवस मागून घेतले.

आठही दिवस त्या स्टॉलवर गेल्या. शेवटच्या दिवशी मी बरोबर होते. स्टॉलवाला म्हणाला, छापखानाच बंद पडला.

“म्हणजे येणार नाहीं?” अक्कांनी त्याला चक्क मराठीतच विचारलं. मी तमिळमध्ये सांगितलं. त्याने मान हलवली.

“सरी,” अक्का म्हणाल्या. “होऊं दे मग कार्य.”

दिरांनी कावेरीकाठी पुतळा जाळला, तेव्हा आम्ही दोघी घरात बसून होतो. त्या रडल्या नाहीत, मीही नाही. पहिला भाग मी दिला होता, एवढं एकच मनात येत राहिलं. सुतक फिटल्यावर मोकळ्या कपाळाने त्या कामावर आल्या आणि कॉल जोडू लागल्या. पुढे नोकरी सोडून दिरांकडे राहायला गेल्या.

दीडेक वर्षाने पाचवा भाग आला, दुसऱ्याच छापखान्यातून. मी न उघडता तो घेऊन नाचियारकोविलला गेले. अक्कांनी आधी शेवटचं पान काढलं. ‘मुट्रुम’. नखाने कोपरा खरवडून पाहिला. कागद सुटला नाही.

“खरंच अहे,” म्हणाल्या आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. “तूंच वाच. तो उतरला असला तर मज सांगूं नको.”

परतीच्या बसमध्ये मी फक्त शेवटचं प्रकरण वाचलं. तो उतरतो.

अक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी त्यांना सांगितलं नाही.