विहीणबाई भिंत बघायला येणार

भिंतीत ओल शिरते तशीच माणसात गोष्ट शिरते. कुठून आली ते कळत नाही, पण एकदा शिरली की कुठून तरी फुटून बाहेर येतेच. माझ्यात तर इतक्या साठल्यात की पाऊस नसतानाही मी गळतो. कुणी चहा पाजला की लगेच गळतो.

सुरतेत लिंबायतला आम्ही भिंतींची कामं करायचो. नव्वद सालानंतरची ती वर्षं. ज्यांच्या भिंतीतून पावसाचं पाणी आत यायचं, त्यांच्याकडे जायचं, बाहेरून सांधे खरवडायचे, भेगा बुजवायच्या, गिलावा करायचा. टोळी तिघांची. सुकलाल मिस्तरी, शिंदखेड्याकडचा, हातात थापी आली की मुका होणारा. द्वारका, परभणीची, डोक्यावर मालाचं घमेलं आणि तोंडात ठेचा. आणि मी, नाना. शाळा मी चौथीत सोडली, पण शाळेने मला तिसरीतच सोडलं होतं. सुकलाल थापी चालवायचा, मी तोंड चालवायचो. दोन्ही लागतं. गिऱ्हाईक भिंतीकडे बघत बसलं की त्याला चुका दिसतात, म्हणून त्याला माझ्याकडे बघायला लावायचं.

आता गंमत बघा. सगळ्या लिंबायतच्या भिंती कोरड्या करणाऱ्या सुकलालच्या स्वतःच्या घराची पश्चिमेची भिंत पावसाळाभर रडायची. एका विटेची भिंत, आतून गिलावा, बाहेरून नुसत्या विटा. का, तर शेजारचे रमणकाका म्हणाले होते, "मी माझं घर तुझ्या भिंतीला लागूनच बांधतो. मग बाहेरून गिलावा करून काय उपयोग?" काकांचं घर काही उभं राहिलं नाही. काकांनी त्या जागेत म्हैस आणून बांधली.

त्या भिंतीला मी नावं ठेवणार नाही. गावाहून एका पिशवीनिशी आलो तेव्हा सुकलालने मला त्याच भिंतीपाशी पाट मांडून जेवायला वाढलं होतं. पाठ ओली झाली, पण पोट भरलं.

*

भिंतीचं प्रकरण पेटलं ते विहीणबाईंमुळे.

सुकलालची मुलगी मंगल शिरपूरला दिलेली. तिची सासू एका श्रावणात भेटीला आली. नऊवारी नेसलेली, ताठ कण्याची बाई. चहा घेताना पश्चिमेच्या भिंतीला टेकून बसली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, पण विहीणबाईंना "तिथे टेकू नका" असं सांगणार कोण? बाई उठल्या तेव्हा पाठीवर चुन्याचा भलामोठा पांढरा नकाशा, आणि लुगडं ओलंचिंब.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सुरतेत साडी छापून घ्यायला लोक लांबून येतात, विहीणबाई. तुम्हाला बसल्या जागी मिळाली."

सुमनवहिनी, म्हणजे सुकलालची बायको, पदरात तोंड लपवून आत पळाली. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, वास घेतला, आणि सुकलालला म्हणाल्या, "व्याही, मंगलचं पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला मान्य. पण एका बाजूने शेगडी आणि दुसऱ्या बाजूने ही ओली भिंत. बाळंतीण काय भाकर आहे, एका अंगाने भाजायला? वेळ येईल तेव्हा मी ऐन पावसात येईन. भिंत बघेन. कोरडी असली तर सून ठेवीन, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या बसने परत नेईन."

पुढच्या होळीला मंगलला दिवस गेल्याची खबर आली. दिवस श्रावणात भरणार होते. खबर ऐकून वहिनी हसली, आणि हसता हसता भिंतीकडे बघून रडायला लागली.

*

सुकलालने आधी सोपा उपाय करून पाहिला. रोज दुसऱ्यांना सांगायचा, "ओल बाहेरून अडवायची, आतून झाकायची नाही." स्वतःच्या घरी मात्र आतून तेलरंग मारला. डॉक्टरही स्वतःच्या पोटदुखीला ओवाच खातो.

भिंत कशी चकचकीत दिसायला लागली. मग एक वळवाचा पाऊस पडला. मागून आलेलं पाणी रंगाआड अडकलं आणि भिंतीला कलिंगडाएवढा फुगा आला. बोट लावलं की आत पाणी डुचमळायचं.

रंग आणला होता नगीनभाईंच्या दुकानातून. नगीनभाई रोज पांढराशुभ्र शर्ट घालणारे, सिमेंटच्या दुकानात बसूनही. मी त्यांना बोलावून आणलं. म्हटलं, "शेठ, जवळून बघा. अजून जवळून. कान लावा, आत गंगा वाहते." त्यांनी कान लावला. मी वहिनीची गोधडी शिवायची सुई हळूच टोचली.

धार थेट खिशात.

नगीनभाईंनी शर्टाकडे पाहिलं. खिसा उलटा केला, पाणी झटकलं आणि शांतपणे म्हणाले, "नाना, आ तो नळ छे. म्युनिसिपालिटीने खबर पडशे तो वेरो लेशे." म्हणजे कळलं तर नळपट्टी लावतील.

मला वाटलं, आता यांच्या दुकानाची पायरी बंद. संध्याकाळी त्यांच्याकडून सिमेंटमध्ये घालायची, पाणी अडवणारी पावडर आली. सोबत निरोप: "दीकरी आवे छे ने? लई लो." म्हणजे लेक येतेय ना, मग घ्या. त्या माणसाच्या पांढऱ्या शर्टाला मी आजही मनातून नमस्कार करतो.

*

आता गिलावा बाहेरूनच करायचा, तर रमणकाकांच्या जागेत उभं राहायला हवं. काका लगेच हो म्हणाले. फक्त एक अट. "राणीने त्यां ज गमे छे. तेने खसेडवानी नहीं." राणी म्हणजे म्हैस. तिला तीच जागा आवडते, तिला हलवायचं नाही. हलवली की दूध चोरते.

राणीला ती जागा का आवडते हे आम्हाला बाहेरून भिंत बघितल्यावर कळलं. ओल्या विटांवर खारट पांढरा लोणा फुटतो ना, तो ती चाटायची. इतकी वर्षं चाटून चाटून तिने खालच्या दोन हात उंचीचे सगळे सांधे कोरून ठेवले होते. पाणी आत जायला दारंच उघडी.

द्वारकाने लोखंडी काडी सांध्यात घातली, ती अर्धी आत गेली. ती म्हणाली, "मामा, ह्या म्हशीला मजुरीवर घ्या की. सांधे खरवडायचं निम्मं काम हिनंच केलंय. अन् नानावानी बोलत बी नाही."

सुकलालने सांधे भरले, पहिला थर चढवला आणि जेवायला आत गेला. मी वहिनीच्या डब्यातलं मूठभर तांदळाचं पीठ घेतलं आणि राणीच्या नाकातोंडाला फासलं. मग ओरडलो, "सुकलाल, हिनं सगळा गिलावा चाटला रे."

सुकलाल हातात भाकरीचा तुकडा घेऊन धावत आला. म्हशीचं पांढरं तोंड पाहिलं आणि मटकन खाली बसला. मग हळूहळू त्याची नजर भिंतीकडे गेली. गिलावा होता तसाच ओला, सपाट. राणीने जीभ फिरवून पीठ साफ केलं आणि आणखी मिळेल का म्हणून माझ्याकडे पाहिलं.

सुकलालने भाकरीचा तुकडा तिला दिला. मला म्हणाला, "हिच्यात आणि तुझ्यात हिला जास्त अक्कल आहे. हिनं ओला माल तोंडाला लावला नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो भिंतीशेजारीच बसून जेवायला लागला.

*

गिलावा झाला, आणि मग सगळ्यात मोठं भांडण झालं.

सिमेंटला पाणी पाजावं लागतं. आठवडाभर भिंत सतत ओली ठेवायची, तेव्हा कुठे तिला जोर येतो. भर वैशाखात, सुरतेच्या उन्हात, सुकलाल बादली घेऊन भिंतीवर पाणी मारू लागला. वहिनीने पाहिलं आणि तिचा ताबा सुटला.

"आख्खा संसार ही भिंत ओली म्हणून रडले मी. देवाने पावसाळा चारच महिन्यांचा दिला, म्हणून आता उन्हाळ्यातही तुम्ही पाणी मारताय का? वरून प्यायच्या पाण्यातलं?"

सुकलाल समजावत होता, "अगं, तिला पाणी पाजलं नाही तर तडे जातील. मग पावसाचं पाणी आत येईल."

"म्हणजे पाणी येऊ नये म्हणून पाणी?"

मी मधे पडलो. "वहिनी, भिंतीला आत्ता पोटभर पाजा, म्हणजे पावसाळ्यात तहान लागणार नाही." वहिनीने उरलेली बादली माझ्यावर ओतली. मलाही जोर आला.

पण पाणी खरोखरच कमी होतं. नळ सकाळी थोडा वेळ यायचा. त्यावर गल्लीने काय केलं ते सांगतो. आमच्या गल्लीत बहुतेक लूमवाले, बारा तासांची पाळी करणारे. दिवसपाळीवाला जाताना एक बादली भिंतीवर मारून जायचा, रातपाळीवाला येताना एक. कुणी सांगितलं नव्हतं. मागांच्या खडखडाटात राहून त्यांना हळू बोलायची सवय राहत नाही, त्यामुळे सकाळी सकाळी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "मंगलच्या नावानं एक!" पुढचा म्हणायचा, "बाळाच्या नावानं एक!" रमणकाका राणीला धुवायचं पाणी भिंतीच्या कडेनेच ओतायचे. अशी आठवडाभर भिंतीची आंघोळ चालली. देवळातल्या पिंडीलाही एवढं पाणी मिळत नसेल.

*

श्रावण आला. पश्चिमेकडून नुसता झोडपत होता. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला राणी. अशा पावसात विहीणबाई मंगलला घेऊन रिक्षातून उतरल्या. मंगलचं पोट आधी आत आलं, मग ती.

विहीणबाईंनी चहालाही हात लावला नाही. भिंतीवर तळहात ठेवला. वास घेतला. बाई म्हणाल्या, "हात फसतो. नाकही फसतं. आणि हा नाना या घरात असताना मी डोळ्यांवरही विश्वास ठेवणार नाही."

त्यांनी पिशवीतून डबा काढला. डब्यात बिबड्या. बिबडी म्हणजे आमच्या खान्देशातला ज्वारीचा पापड. हवेतली ओल घरात सगळ्यांच्या आधी तिला कळते, लगेच चामड्यासारखी होते. त्यांनी एक बिबडी चुलीकडच्या भिंतीतल्या फळीवर ठेवली आणि एक पश्चिमेच्या भिंतीतल्या कोनाड्यात, भिंतीला चिकटवून उभी. "सकाळी दोन्ही मोडीन," त्या म्हणाल्या. "आवाज सारखा आला तर सून राहील. नाहीतर सकाळची बस आहे." मग माझ्याकडे बोट करून, "आणि याला आज इथे थांबू देऊ नका."

मी घरी गेलो. सकाळी उजाडताच परत आलो तर दारात गर्दी. द्वारका कामाला निघायच्या आधी आलेली, नगीनभाई छत्री धरून, रमणकाका दुधाची किटली घेऊन, रातपाळीचे दोघेतिघे डोळे चोळत. पाऊस तसाच चालू. सुकलाल हात मागे बांधून उभा, जणू काही भिंत त्याच्या वतीने परीक्षा देत होती.

विहीणबाईंनी फळीवरची बिबडी उचलली. मोडली. कट्.

मग कोनाड्याशी गेल्या. कोनाडा रिकामा.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा काही केलेलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच कुणी माझं ऐकेना. "आईशप्पथ, मी घरी होतो," असं मी म्हणत होतो. द्वारका म्हणाली, "नाना, लेकीच्या बाळंतपणात बी?" सुकलाल तर माझ्याकडे बघतच नव्हता. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. विहीणबाई पिशवी आवरायला वाकल्या.

"आत्या," खाटेवरून मंगल सासूला म्हणाली. मान खाली. "ती मी खाल्ली."

विहीणबाई तशाच वाकलेल्या. "कधी?"

"झोप येईना. भूक लागली होती."

"कशी होती?"

"कडक होती."

"माहेरासाठी खोटं बोलू नकोस, पोरी. तुझ्या बाळाचा प्रश्न आहे."

मंगलने मान वर केली. "खोटं कशाला बोलू, आत्या? तुम्ही शेजारीच झोपला होता. इतका आवाज होत होता की गोधडीत तोंड घालून खावी लागली."

विहीणबाई सरळ उभ्या राहिल्या. मंगलकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, बाहेर पावसाकडे बघितलं. मग बिबड्यांचा डबा उचलून त्यांनी वहिनीच्या हातात दिला.

"हा त्या कोनाड्यातच ठेवा," त्या म्हणाल्या. "तिच्या हाताला लागेल असा."