बुधवारचं वाळवण

कुडव्यातल्या त्या गल्लीत दिवसा कुणी दार लावत नाही. लावलंच तर घरात कुणी वारलं की काय म्हणून शेजारीण ओट्यावर येऊन विचारते, "कोण गेलं वो?" अशा गल्लीत दुर्गेश्वरीला आठवड्यातून एक तास बंद दार हवं होतं, आणि ते कशासाठी हवं आहे हे घरात सांगायचं होतं. महिनाभर ते तिच्या जिभेवर येत होतं आणि परत जात होतं.

एरवी तिची जीभ कधी अडखळली नव्हती. ती एसटीत कंडक्टर. खाकी शर्ट, खांद्याला चामडी बॅग, आणि गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. "समोर सरका गा, मांगं का लाडू वाटून राहिले का?" असं तिने म्हटलं की माणसं हसत हसत सरकायची. तिचे सासरे शिवलाल बिरसीच्या शेतावर जाताना मुद्दाम तिचीच गाडी धरत. सुनेसमोर हात करून साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणत, "कंडक्टरबाई, सुटे हायेत माह्याजवळ." ती मान खाली घालून तिकीट द्यायची, आणि शिवलाल खिडकीबाहेर बघत मिशीत हसायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, दिवस मावळताना, अर्जुनीकडच्या जंगलात रस्त्यावर रानडुकरांचा कळप आडवा आला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, गाडी रस्ता सोडून सागाच्या झाडावर आदळली. दुर्गेश्वरीच्या खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं. पण दाराजवळ उभी असलेली एक म्हातारी वाचली नाही. दुर्गेश्वरीचा हात तेव्हा घंटीच्या दोरीवर होता.

त्यानंतर ती गाडीवर गेलीच नाही. डेपोत टेबलाचं काम मिळालं. घरी मात्र सासूबाईंनी, रामबाईंनी, आरतीला घंटी वाजवली की दुर्गेश्वरी परसात निघून जायची. रामबाईंना वाटलं, सुनेचं देवावरून मन उडालं. त्यांनी मीठमिरची उतरवली. मग नवस बोलल्या आणि जीप करून तिला अर्जुनीकडच्या प्रतापगडला, तिथल्या देवाला नेलं. गडाखाली सगळे उतरले, दुर्गेश्वरी उतरेना. डोळे मिटून सीट धरून बसली.

खांदा दाखवायला ती नागपूरला जायची, तिथल्या डॉक्टरांनीच पुण्याच्या एका मॅडमचं नाव सुचवलं. मनाला बसलेल्या धक्क्यावर त्या फोनवरून उपचार करतात, पडद्यावर समोरासमोर दिसतात, दर आठवड्याला एक तास बोलायचं. दुर्गेश्वरीची सुट्टी बुधवारी. तिने बुधवार ठरवला आणि नवऱ्याला सांगितलं. धनेंद्र मोटर वाइंडिंगचं दुकान चालवायचा. माणूस सोन्यासारखा, पण बापासमोर त्याचा आवाज गळ्यातच राहायचा. "मी सांगतो बाबाले," म्हणाला, आणि रोज उद्यावर टाकत गेला.

शेवटी एका सोमवारी वड्यांसाठी तिने डेपोतून रजा काढली. पौषाचं ऊबदार ऊन होतं. सासूसुना गच्चीवर कोहळ्याच्या वड्या घालत होत्या. शिवलाल काठी घेऊन माकडं राखत होते.

"आई," दुर्गेश्वरी म्हणाली, "मले बुधवारी एक तास पाहिजे. दार लावून."

रामबाईंचा हात पिठातच थांबला. "दार लावून? काऊन वो?"

"पुण्याच्या एका डॉक्टरीण बाईशी फोनवर बोलायचं हाये."

"मंग बोल ना. दार कायले? आमी का कान लावून बसतो?"

शिवलाल जवळ आले. "कायची डॉक्टर?"

"भेवाची, बाबा. ते गाडीचं भेव बसलं ना मले."

"गोळी देते का सुई?"

"दोन्ही नाही. बोलायचंच असते."

"बोलाले घरात माणसं कमी हायेत का? घरचं दुखणं पुण्याच्या बाईले कायले सांगायचं?"

धनेंद्र जेवायला आला होता आणि जिन्यात उभा राहून ऐकत होता. त्याला काय झालं कोण जाणे, तिथूनच म्हणाला, "बाबा, मोटर जळाली त वरून रंग मारून चालते का? खोलाच लागते."

"बायको मोटर होय का गा तुही?"

दुर्गेश्वरीला हसू फुटलं. खूप दिवसांनी फुटलं, म्हणून तिघेही तिच्याकडे बघत राहिले. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग ते बोलणं आपोआप आलं.

"बाबा, तुमच्याशी बोलाले बसली का तुमचं तोंड उतरते. आईचं उतरते. मंग तुमालेच समजवा लागते मले, आन माहं राहून जाते. त्या मॅडमचं तोंड उतरलं तरी मले त्यायले जेवाले नाही वाढायचं."

शिवलालांनी काठी खाली टेकवली.

"ते म्हातारी होती ना," ती पुढे म्हणाली, "तिले प्रतापगडले जायचं होतं. बाकावरून मीच उठवलं तिले. म्हटलं, आजी, दाराजवळ ये, उतराले सोपं जाईल."

खाली गल्लीत कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं. रामबाईंनी पिठातला हात बाहेर काढला.

"आन मी तुले तेथीच घेऊन गेली," रामबाई म्हणाल्या. "सांगितलं काऊन नाही वो?"

"तुमी नवस बोलल्या होत्या."

रामबाईंनी पिठाचा गोळा घेतला, एक वडी घातली, दुसरी घातली. तिसरी वाकडीच पडली. मग डोळे दंडाला पुसून म्हणाल्या, "खाली दार लावशील त शेजारची जमुना तीनदा डोकावल. इथंच बस. वाळवण राखणाऱ्या बाईले कोणी काही पुसत नाही."

शिवलाल खाली उतरताना सुनेच्या हातात काठी देऊन गेले. त्यांचा होकार असाच असायचा.

बुधवारी दुर्गेश्वरीने पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. रामबाई जिन्याच्या तोंडाशी पाठ करून बसल्या. बोलणं सुरू झालं, आणि थोड्याच वेळात रामबाई जोरात ओरडल्या, "हाट! हाट!" पुन्हा थोड्या वेळाने, "हाट, मेल्या!"

"कोणी आहे का तिथे?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या सासूबाई आहेत. माकडं हाकलतायत."

दुर्गेश्वरीने गच्चीभर नजर फिरवली. एकही माकड नव्हतं. सुनेचा आवाज चढला, कापरा झाला, की रामबाई ओरडत होत्या. आपल्या कानावर काही पडू नये म्हणून.

त्या आठवड्यात देवघरातल्या घंटीच्या लोलकाला चिंधी बांधलेली दिसली. आरती घंटीच्या आवाजाशिवायच होऊ लागली.

वड्या वाळल्या. मग मिरच्या आल्या, चैतात मोहफुलं आली, मग पापड. बुधवार आला की गच्चीवर काही ना काही पसरलेलं असायचं. काही बुधवारी दुर्गेश्वरी तिथून उतरायची ती थेट झोपून जायची, आणि रामबाई तिच्या वाटणीचा स्वयंपाक करून टाकायच्या. काही बुधवारी ती खाली येऊन चहा मागायची. एकदा डेपोत उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत चढून ती मागच्या बाकापर्यंत जाऊन आली. घरी सांगितलं तेव्हा शिवलाल म्हणाले, "तिकीट फाडलं का?"

जेठ लागला तेव्हा वाळवायचं होतं नव्हतं ते बरण्यांत गेलं होतं. रामबाईंनी बरणी उघडून मिरच्या परत गच्चीवर पसरल्या. शेजारच्या गच्चीवर जमुनाबाई कपडे काढत होत्या. त्यांची नजर मिरच्यांवर गेली, कोपऱ्यात फोनशी बोलणाऱ्या दुर्गेश्वरीवर गेली, परत मिरच्यांवर आली.

"रामबाई, ह्या मिरच्या त कवाच्याच वाळल्या ना वो?"

रामबाईंनी तोंड उघडलं. मुंग्या लागल्या, सर्द झाल्या, काहीही सांगता आलं असतं. पण त्यांनी पदर खोचला आणि उभ्या राहिल्या.

"वाळल्या. माही सून डॉक्टरशी बोलून राहिली. गाडीचं भेव बसलं तिच्या मनात, ते काढून राहिली. तिले एक तास बसाले जागा पाहिजे, म्हणून पसरवल्या मिरच्या. आनखी काही?"

जमुनाबाई हातातला गंजीफ्राक घडी करत राहिल्या. तो अजून ओलाच होता.

"एवढ्या उन्हात बसवली तिले?" अखेर त्या म्हणाल्या. "आन पावसाचं पाणी लागल्यावर कुठं बसवशीन?"

"खाली. दार लावून."

पुढच्या बुधवारी भरदुपारी त्या घराचं दार लागलं. शिवलाल ओट्यावर खाट टाकून बसले. दुधाचा हिशेब घ्यायला आलेले उदाराम दाराकडे बघून थबकले. "कोण गेलं गा, शिवलालभाऊ?"

"कोणी नाही गेलं. कंडक्टरबाई बोलून राहिल्या," शिवलाल म्हणाले, आणि खाटेवर सरकून त्यांनी जागा करून दिली. "बस. एक तास लागते."