वेंगुर्ल्याचा अर्धा तास

गुरुदास गिरपला कुजक्या मासळीची शिसारी कधी आली नाही. वेंगुर्ल्याच्या जेटीच्या वाऱ्यावर ज्याचा जन्म गेला, त्याला ती येऊन चालत नाही. पण २००८ साली, एकसष्टाव्या वर्षी, त्याने संगणकाच्या पडद्यावर एक इंग्रजी वाक्य वाचलं आणि त्याची जेवणाची वासना उडाली. कोणा परक्या माणसाने त्याच्या कामाविषयी लिहिलं होतं, की हे कुजलेलं आहे, बाहेर फेका, नाहीतर बाकीच्यांनाही वास लागेल.

ते काम म्हणजे एक लहानसा प्रोग्राम. नाव 'भरती'.

गुरुदासचा बाजारात टायपिंगचा क्लास होता. तीस वर्षं त्याने गावातल्या मुलामुलींची बोटं कीबोर्डवर बसवली. १९९८मध्ये त्याने जुना संगणक आणला, आणि पुढे एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीने त्याला वेड लावलं. तिच्यावरचं सगळं सॉफ्टवेअर फुकट होतं, एवढंच नव्हे, ते आतून कसं लिहिलंय हेही कोणाला उघडून बघता येत होतं, बदलता येत होतं, वाटता येत होतं. विद्या अशी ओटीवर ठेवलेली त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. दोन वर्षं धडपडून त्याने आपलंही काहीतरी लिहिलं.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशोब जुना आहे. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी, तर चार पाऊणे तीन. म्हणजे तीन वाजता भरती पुरी. मग प्रत्येकाने आपापल्या जागेची वजावट करायची. वेंगुर्ल्याला अर्धा तास, रेडीला पाव तास. गुरुदासच्या प्रोग्रामने पंचांगावरून पंधरवड्याचा तक्ता काढला. जेटीवरच्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत तो छापला जाऊ लागला आणि बावीस होड्यांवर चिकटला. रेडीलाही जाऊ लागला.

पहिला कागद हातात घेऊन हरिश्चंद्र कुबलने विचारलं होतं, "तुझ्या पेटयेन पंचांग वाचल्यान काय रे?" हरिश्चंद्र गुरुदासचा लहानपणापासूनचा सोबती, दोन होड्यांचा मालक.

"वाचल्यान."

"मगे अर्धो तास पण तिकाच वजा करूक सांग."

"आणि रेडयेवाल्यांनी काय करूचा? वजावट ज्येची त्येना करूची."

हरिश्चंद्राला ते पटलं. तो विषय तिथेच मिटला, आणि पुढे कधी कोणी काढला नाही.

२००२मध्ये 'भरती' त्या फुकट सॉफ्टवेअरच्या मोठ्या संग्रहात गेली. जगभरचे स्वयंसेवक तो संग्रह चालवत. प्रत्येक पॅकेज, म्हणजे संग्रहातला एकेक प्रोग्राम, सांभाळणाऱ्याचं नाव त्यावर असे. संग्रहाच्या दर नव्या सीडीवर 'भरती'पुढे आपलं नाव बघताना गुरुदास चष्मा पुसून घेई, एवढीच त्याची चैन.

आणि मग ते २००८चं पत्र. 'भरती' ज्या जुन्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या साठ्यावर उभी होती, ती लायब्ररीच संग्रहातून जाणार होती. सहा वर्षांत 'भरती'त एक अक्षर बदललेलं नाही, वापरणारे मोजून चार आहेत. तीस दिवसांत कोणी पुढे आलं नाही तर पॅकेज काढून टाकू.

गुरुदासने शब्दकोश घेऊन तीन दिवस उत्तर लिहिलं. वापरणारे चार नाहीत. जेटीवरचा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही, म्हणून तो तुमच्या मोजणीत येत नाही. पण त्याच्या एका कागदावर बावीस होड्या आणि शे-सव्वाशे माणसं चालतात. आणि तिथीची पाऊणपट सहा वर्षांत बदललेली नाही, मग मी अक्षर कशाला बदलू?

त्यावर एका ओळीचं उत्तर आलं: जे मोजलेलं नाही ते नाही. खाली दुसऱ्याने हसण्याची खूण काढली. आणि त्याच्या खाली तो कुजण्याचा वास.

ज्यांनी फाईल उघडूनही पाहिली नव्हती त्यांनी दोन दिवस मतं दिली. कोणी म्हणालं, जुनं सांभाळत बसलं तर नवं कधी करायचं. कोणी म्हणालं, म्हाताऱ्यांचे छंद आपण का पोसावेत. कुजकं काय असतं हे गुरुदासला वेगळं सांगायला नको होतं. कुजक्या मासळीला निदान कावळे तरी येतात, नीट बघून मग चोच मारतात.

"अवो, तुमी जेवतास काय त्या पेटयेकडेच ताट आणू?" सुभद्रा, त्याची बायको, विचारी. तो उठून ताटावर जाऊन बसे.

अशात प्रितम पालवचं पत्र आलं, मराठीत. 'काका, मी इन्सुलीचा. सध्या पुण्याला असतो. मी पॅकेज माझ्याकडे घेतो, नव्या लायब्ररीवर बसवतो. तुम्ही आराम करा.' गुरुदासला बरं वाटलं. आपल्याच जिल्ह्याचा माणूस. त्याने पॅकेज देऊन टाकलं. सांभाळणाऱ्याच्या जागी प्रितमचं नाव आलं, गुरुदासचं खाली आभारात गेलं.

महिन्याभराने प्रितमने केलेले बदल त्याने वाचले. लायब्ररी बदलली होती, तेही सफाईने. शेवटी एक ओळ होती: वेळ अर्धा तास पुढे दाखवण्याची चूक दुरुस्त केली.

गुरुदासने तडक फोन लावला.

"प्रितम, तो अर्धा तास पहिला परत घाल. ती चूक नाही."

"काका, मी वेंगुर्ल्याच्या सरकारी छापील तक्त्याशी ताडून पाहिलंय. बरोब्बर अर्ध्या तासाचा फरक येतो."

"येणारच. तो इथले लोक मनात वजा करतात. रेडीवाले पाव तास करतात. तू कागदावर वजा केलास तर ते दोनदा होईल."

"मग त्यांना सांगा ना, आता करू नका म्हणून. लोकांची सवय म्हणून चुकीचं उत्तर दाखवायचं? चूक ती चूक, काका."

"तू होडीतून कधी खाडीत शिरलायस?"

"समुद्राचं काय त्यात? हा प्रोग्रामचा प्रश्न आहे."

इन्सुली हायवेवरचं गाव. भात, काजू, आंबा. गुरुदासने फोन ठेवला आणि पुन्हा शब्दकोश काढला. स्वयंसेवकांच्या ईमेल-लिस्टवर त्याची विनंती चार दिवस पडून राहिली. मग प्रितमच्या बाजूने सहा मतं पडली आणि गुरुदासच्या बाजूने त्याचं स्वतःचं एक. सगळ्याचा त्याला असा वीट आला, की क्लासमधला संगणक त्याने चादरीखाली झाकून ठेवला आणि तीन महिने उघडला नाही. नवी सीडी कधी निघाली हेही त्याने बघितलं नाही. नेमकं तेच बघायला हवं होतं.

सोसायटीची कारकून वर्षाली कामात चोख. नवी सीडी आल्यावर तिने ती संगणकावर चढवली, पंधरवड्याचा कागद छापला, वाटला. कागद दिसायला तोच.

हरिश्चंद्राला मासळीच्या लिलावात पहिला पोचायची खोड होती. पुऱ्या भरतीच्या बरोब्बर दोन तास आधी तो खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा ओलांडायचा. त्याआधी तिथे भरल्या होडीला पाणी पुरत नाही. त्या पौर्णिमेला कागदावर पावणेअकरा होते. त्याने सवयीने अर्धा तास वजा केला, आणि सव्वाआठला होडी आत घातली. वीतभर पाणी कमी पडलं. होडी दांड्यावर बसली, मागून लाट आली, ती आडवी झाली. सुकाणू मोडलं, मासळीच्या टोपल्या गेल्या, आणि हरिश्चंद्राचा उजवा हात होडीचा काठ आणि तिच्यावरचा खांब यांच्या मधे सापडून मनगटात मोडला.

गुरुदास त्याला बघायला गेला. हरिश्चंद्र प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून पडला होता.

"मेल्या, तुझ्या कागदान माका फसयल्यान."

गुरुदासने सगळं सांगितलं. हरिश्चंद्र ऐकून घेत होता.

"बापूस पाण्याचो रंग बघून आत शिरायचो," तो शेवटी म्हणाला. "माका तू कागद बघूक शिकयलंस."

गुरुदासने रेडीला फोन करून कागद फाडायला सांगितलं. मग लिस्टवर झालेलं सगळं लिहून पाठवलं. राग नाही, विशेषणं नाहीत. वापरणाऱ्याची चूक, असा शेरा मारून तक्रार बंद झाली.

रात्री प्रितमचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "काका, हात कसा आहे त्यांचा?"

"मोडलाय."

"मला वाईट वाटतंय. पण काका, आठ वर्षांत तुम्ही हे प्रोग्राममध्ये कुठे लिहून का नाही ठेवलंत? एक ओळ. एक ओळ असती तर मी हात लावला नसता."

इतके दिवस गुरुदासला इतरांची किळस येत होती, ती आता वळून त्याच्याच अंगावर आली. ओळ नव्हती. टायपिंग शिकवणाऱ्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांतले स्वल्पविराम तपासले, आणि स्वतःच्या कामात ही एक ओळ लिहिली नव्हती. जे जेटीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे ते कोण लिहितं? वेंगुर्ल्यात कोणीच लिहिलं नसतं.

"तो अर्धा तास परत घालशील?" त्याने विचारलं.

"आता मत झालंय, काका. पुन्हा सगळ्यांना पटवावं लागेल."

"मग ती काढून टाक. संग्रहातूनच. तिच्या नावाने आणखी कोणी फसायला नको."

प्रितम हो म्हणाला. गुरुदासने तसं रीतसर पत्र पाठवलं. तासाभरात 'भरती' निघाली. सहा वर्षांत त्या मंडळींनी त्याचं एकही काम इतक्या झटपट केलं नव्हतं.

जेटीवरच्या संगणकावर त्याने स्वतः जाऊन जुनी सीडी चढवली. नवी आली तर मला विचारल्याशिवाय हात लावू नको, असं वर्षालीला बजावलं. मग जन्मात पहिल्यांदा त्याने त्या प्रोग्रामचं अक्षर बदललं. कागदाच्या तळाशी एक ओळ छापली जाऊ लागली: 'या वेळांतून वेंगुर्ल्याला अर्धा तास व रेडीला पाव तास वजा करावा.'

प्लास्टर निघाल्यावर हरिश्चंद्र कचेरीत आला. कागद डोळ्यांजवळ नेऊन त्याने ती ओळ वाचली.

"ह्या कोणाक ठावक नाय रे? कित्याक लिवलंस?"

"इन्सुलेवाल्यांक."

"इन्सुलेक होडये खंय आसत?"

"नाय," गुरुदास म्हणाला. "म्हणानच लिवलंय."