जोडून बघायचं नाही

नालबंद सर गेल्याचं त्यांच्या बायकोनं, चाचींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी नगरच्या छापखान्यात उभी होते, हातात ताज्या पत्रकांचा गठ्ठा. वर मोठ्या अक्षरात 'सोपान दोषी नाही' आणि खाली सरांचं नाव, धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक म्हणून. "बेटा, सकाळी चहा मागितला त्यांनी... मी घेऊन आले तर..." पाच आठवडे होऊन गेले. चौकात, तहसील कचेरीसमोर, कुठंही उभं केलं तरी मी बोलते, पण सरांवर लिहायला बसलं की पत्रकाची भाषा कामाला येत नाही. तेव्हा आठवेल तसं लिहिते.

आमची ओळख भांडणानं झाली. पारनेर तालुक्यातल्या एका खडी क्रशरवर चेनपुलीनं लोखंडी प्लेट उचलताना हुक मधोमध तुटला आणि प्लेट सोपानच्या अंगावर आली. सोपान आमच्या शेजारचा. मालकानं त्याच दिवशी सांगून टाकलं, यानं वजन जास्त लावलं, चूक याचीच. पोलिसांच्या फायलीतही तेच चढलं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, हे सगळ्यांनाच सोयीचं असतं! सोपानची बायको मंदाकाकू मला एवढंच म्हणाली, "पोरी, मला दुसरं काय बी नको. माज्या मानसानं चूक केली न्हाई, येवढं कागदावर आन." मी पेटले. क्रशरवरच्या एका कामगारानं चेनला लटकत राहिलेला हुकाचा वरचा तुकडा गुपचूप आणून दिला. दुसऱ्या दिवशी पत्रकार यायचे होते. गंजका तुकडा फोटोत बरा दिसेना, म्हणून मी बसून पॉलिश पेपरनं तो घासला. चांदीसारखा चमकवला. आणि तोच घेऊन मोठ्या ऐटीत सरांच्या दारात गेले... "सर, हा पुरावा."

सरांनी तो बोटांनी धरलाच नाही. खिशातला रुमाल काढला, रुमालानं तुकडा कडेला पकडला आणि खिडकीपाशी नेला.

"हे कुणी घासलं?"

"मी. फोटोसाठी."

"शाबास! मालकानं तुला नोकरीच द्यायला पाहिजे. त्याचं काम तू आपण होऊन केलंस."

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या अजून कानात आहे. लोखंड एकदम तुटलं तर तुटलेली बाजू लख्ख असते. पण आधीच तडा गेलेला असेल तर त्या तड्यात हवा शिरते, पाणी शिरतं, आतून गंज धरतो. म्हणजे हुक किती आधीपासून तडकलेला होता, हे त्या गंजावरून कळलं असतं. "तो गंज साक्षीदार होता. तू त्याचा गळा घोटलास." मी रागानं काहीतरी बोलले, तुम्ही घरात बसून शहाणपण शिकवता वगैरे. सरांनी ते ऐकलंच नाही. त्यांनी फक्त विचारलं, "दुसरा तुकडा कुठंय?"

दुसरा तुकडा मंदाकाकूकडे निघाला. प्लेटीबरोबर खाली आलेला तो तुकडा दवाखान्यातून मिळालेल्या सोपानच्या कपड्यांच्या गाठोड्यातनं घरी आला होता, त्याच्याच टॉवेलात गुंडाळलेला. काकूनं गाठोडं कोनाड्यात ठेवलं होतं आणि हातही लावला नव्हता. "धुवायला पायजे हुतं सर, पर जीव झाला न्हाई," ती ओशाळून म्हणाली. सर म्हणाले, "ताई, तुम्ही धुतलं नाही, हेच मोठं काम केलंत." टॉवेल उलगडला. मी पिशवीतून माझा घासलेला तुकडा काढला आणि त्यावर बसवायला गेले... कोण जाणे का, पण तुटलेलं दिसलं की हात आपोआप जोडायला जातात. सरांनी माझं मनगट इतकं जोरात धरलं की वळ उठला. "जोडून बघायचं नाही! एकावर एक घासलं की उरलेलीही खूण मोडते." मग भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. तुटलेल्या बाजूचा बहुतेक भाग काळा-तांबडा होता, एका कडेला नखाएवढी लख्ख कोर. हुक केव्हाचा तडकलेला होता, फक्त तेवढ्या कोरेवर तग धरून. सर अंगणात खालीच बसले. काकूनं पाणी दिलं तर तेही घेईनात.

का, ते परतीच्या एसटीत कळलं. सरांचे वडील घोडेगावच्या बाजारात बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचे. झिजलेली, तुटलेली पत्री हातात घेऊन हा बैल कुठल्या पायावर भार टाकतो ते सांगायचे. ती नजर घेऊन पोरगा शिकला आणि दूरच्या एका खाणीत धातुतज्ज्ञ म्हणून लागला. तिथं कामगारांना खाणीत खाली-वर नेणाऱ्या पाळण्याची पिन तुटून माणसं गेली. सरांना पिनेत जुना तडा दिसला. त्यांनी तसं लिहिलं. साहेबानं तड्याची ती एक ओळ अहवालातून काढायला सांगितली. राहायला कंपनीचं घर, घरात तान्ही मुलगी... सरांनी ओळ काढली आणि सही केली. ठपका पाळणा चालवणाऱ्यावर गेला. वर्षाच्या आत नोकरी सोडून सर शिकवायला आले आणि दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगत राहिले, स्वतःचं नाव घेऊन.

मी तोंडाची फटकळ. म्हणाले, "म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच."

आयुष्यभर शुद्ध बोललेले सर खिडकीबाहेर बघत नुसतं "व्हय" म्हणाले.

शोकसभेत त्यांच्या 'खाण उद्योगातील प्रदीर्घ अनुभवा'चं फार कौतुक झालं. मला उठून ओरडावंसं वाटलं. त्यांना धुऊन-घासून चकचकीत करू नका. ते त्या एका ओळीसकट आमचे होते. ती ओळ त्यांनी मंदाकाकूसाठी परत लिहिली, हातानं, मराठीत, एका पानावर: हुक आधीपासून तडकलेला होता, सोपान यांची चूक दिसत नाही. काकूनं ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

ते पान आम्ही कोर्टात दिलंय. आता मालकाचा वकील म्हणतो, लिहिणारा राहिला नाही, उलटतपासणी कुणाची घ्यायची? तुकड्यांची घ्या! ते आहेत. पुढच्या सुनावणीला सरांचा एक विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक, भिंग घेऊन उभा राहणार आहे.

तुकडे आणायला मी परवा सरांच्या खोलीत गेले. टेबलावर रुमाल घडी करून ठेवलेला. त्याच्या दोन बाजूंना बिस्किटाचे दोन डबे, प्रत्येकात कापसात झोपवलेला एकेक तुकडा. एकात काकूनं न धुतलेला. एकात मी घासलेला, तोही टाकला नव्हता. मी दोन्ही डबे उचलले आणि खांद्यावरची पिशवी उघडली, तशा दारातून चाची घाईनं पुढं आल्या. त्यांच्या हातात दुसरी पिशवी होती.

"एकीत नको ठेवू बेटा... ते रागावतील."