टेनिसवाल्यांना हरवायची रीत

नागपुरात हुडकेश्वरला मधुसूदनभाऊंनी पिकलबॉलचं कोर्ट टाकलं, तेव्हा दिपाली गजभिये घरीच बसून होती. शाळेत ती खेळाची शिक्षिका होती, कंत्राटावर. उन्हाळ्यात कंत्राट संपलं आणि पुन्हा बोलावणं काही आलं नाही. लहानपणी टेबल टेनिसवर बसलेला हात अजून शाबूत होता, म्हणून छोट्या कोर्टावर पॅडल आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळायचा हा नवा खेळ तिला लगेच जमला. नवरा नागसेन तिचा जोडीदार. सकाळच्या बॅचला कोच ठेवायचा होता आणि भाऊंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "दिवाळीनंतर स्पर्धा घेतो. जिंकंल त्याले बॅच."

दिपालीने त्या बॅचवर मनात इमले रचले.

मग स्वानंद आणि मिनल आले. नवरा-बायको दोघंही लहानपणापासून क्लबात टेनिस खेळलेले. त्यांची सर्व्हिस सुटली की कडेला बसलेली माणसं पाय आखडून घेत. एका रविवारी त्यांच्याशी सामना ठरला. आदल्या दिवशी दिपाली नागसेनला समजावत होती.

"ऐका नं जी. ताकदीले ताकद लावाची नाही. टेनिसवाला मागच्या रेघेवरच थांबते अन् तिथून ठोकते. आपण जाळीपाशी पोचाचं अन् चेंडू हलकेच त्यायच्या पायाशी टाकाचा."

"अन् त्यानं माझ्या छाताडावर हाणला तं?"

"बाजूले व्हा. तेवढ्या उंचीवर आला म्हंजे तो बाहेरच चालला."

"म्हंजे अंगावर आलं तरी गुमान सोडून द्याचं! लग्नापासून तेच तं करून राहिलो मी."

झालंही तसंच. स्वानंद टेनिससारखा हात पार मागे नेऊन मारायचा. कोर्ट एवढंसं. त्याची पॅडल फिरून येईपर्यंत चेंडू त्याच्या बुटांपाशी पोचलेला असायचा. तो वाकून उचलायचा तर जाळीत, चिडून हाणायचा तर कुंपणावर. गजभिये जोडी आरामात जिंकली.

घाम पुसत मिनल म्हणाली, "ताई, आमचं नेमकं चुकतंय कुठे?"

मधुसूदनभाऊ चहाचा कप घेऊन तिथेच उभे होते. दिपालीच्या मनात आलं, आपल्याला शिकवता किती येतं ते भाऊंना दाखवायची हीच वेळ. नागसेन दोनदा खोकला. तिने लक्ष दिलं नाही. दोघांना कोर्टावर नेऊन तिने सगळं उलगडून सांगितलं. परतीचा फटका मारला की तिथे थांबायचं नाही, सरळ जाळीकडे यायचं. हात मागे न्यायचाच नाही, पॅडल पोटासमोर. "गरम कपाचा कान धरता नं, तेवढीच पकड." थोड्याच वेळात स्वानंदचा चेंडू जाळीवरून अलगद पलीकडे उतरला.

"वा ताई! लई सोपं करून सांगता," भाऊ म्हणाले.

गाडीवरून घरी येताना नागसेनने विचारलं, "काहून सांगितलं वं सारं?"

"भाऊ पाहून राहिले होते. मले शिकवता येते, हे त्यायले दिसाले नको?"

"दिसलं. त्या दोघायले बी दिसलं."

पुढच्या रविवारी मिनलने पुन्हा विचारलं, दिपालीने पुन्हा सांगितलं. विचारणाऱ्याला टाळणं तिला कधी जमलंच नव्हतं. आणि इतक्या वर्षांची हाताची सवय दोन महिन्यांत कुठे जाते, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण त्या दोघांकडे नजर होती, पाय होते, फिरकी होती. कमी होता तो फक्त धीर, आणि तोही तीच त्यांना देत होती.

दिवाळीनंतरच्या स्पर्धेत अंतिम सामना त्यांच्याशीच पडला. दिपालीने हलका चेंडू टाकला. स्वानंदने तसाच हलका परत दिला. तिने पुन्हा टाकला, त्याने पुन्हा दिला. आता चिडेल, मग चिडेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. तो चिडला नाही. शेवटी तिचाच चेंडू बोटभर उंच गेला आणि मिनलने तो खाली दाबला. अंगावर आलेला एक चेंडू नागसेनने सोडला, तर तो फिरकी घेऊन रेघेच्या आत पडला. त्यानंतर नागसेन काय सोडावं न् काय मारावं ते विसरूनच गेला. सामना फार वेळ चालला नाही.

"शिकवता तुमाले चांगलंच येते ताई," मधुसूदनभाऊ नजर चुकवत म्हणाले. "पण लोकं जिंकणाऱ्याकडंच येते. माझा बी धंदा आहे."

जिंकणाऱ्यांना मीच शिकवलं, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ती शिकवत होती तेव्हा भाऊ तर समोरच उभे होते.

थोड्या वेळाने स्वानंद आला. बिचारा मनापासून बोलत होता. "ताई, सोमवारपासून बॅच घेतोय. तो हलका चेंडू मला खेळता येतो, पण तुमच्यासारखा समजावता येत नाही. तुम्ही येत जाल का?"

नागसेन बॅगची चेन लावता लावता थांबला.

"येईन," दिपाली म्हणाली.

गाडी सक्करदऱ्याच्या चौकात आली. नागसेनने विचारलं, "हो काहून म्हटलं?"

"मंग खेळाले कुठं जाऊ?"

सोमवारी ती वेळेआधीच पोचली. बॅच रांगेत उभी होती. स्वानंदने ओळख करून दिली, "या दिपालीताई. या मला मदत करतील." आणि त्याने जाळीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. दिपाली तिथे जाऊन उभी राहिली.