पडद्याचं पोट

कारखान्यात सगळे तिला भट्टीबाई म्हणत. चोवीस वर्षं ती एकाच यंत्रासमोर बसत आली होती. कपाटाएवढी भट्टी, दाराला वीतभर काच, आणि काचेआड पोलादी चौकटीत चारही बाजूंनी चिमट्यांनी धरलेला फूटभर पडदा. पडदा प्लॅस्टिकचा, कागदाहून पातळ, साईसारखा पांढरा. त्याच्या अंगभर छिद्रं, आणि तीही अशी की केसाच्या जाडीत शेदोनशे सहज मावतील. औषधं गाळायला हे पडदे जात.

छिद्रं उघडी असतात म्हणून पडदा पांढरा दिसतो. उष्णतेनं ती मिटली की तो पारदर्शक होतो आणि त्यातून थेंबही जात नाही. “काच झाली” यापेक्षा वाईट वाक्य त्या खोलीत नव्हतं. विक्री खात्यातून नवीनच आलेल्या मॅनेजरांनी असा एक पडदा उजेडात धरून “वा, काय सफाई आहे!” म्हटलं, तेव्हा कुणी हसायचं नाही असं ठरवूनही फिटर खोकत बाहेर गेला होता.

पण त्याच मॅनेजरांनी आता मुदत दिली होती. औषधवाल्यांना दर वापरानंतर पडदा एकशेएकवीस अंशांच्या वाफेत शुद्ध करावा लागे. त्यांना तीस वाफा टिकणारा पडदा हवा होता. इथला आठव्या वाफेतच मान टाकत होता. महिनाअखेरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर भट्टी बंद आणि बाई पॅकिंगला.

पॅकिंगमध्ये वाईट काही नव्हतं. खिडक्या होत्या, गप्पा होत्या. पण बाईला भट्टीसमोरची दुपार हवी होती. पुढं वाफेत टिकावा म्हणून पडदा एकशेचाळीस अंशांवर दोन तास शेकायचा आणि ते दोन तास काचेतून बघत राहायचं, एवढंच काम. गरम हवेत पडदा किंचित हलायचा. बघता बघता तिला वाटे, आपण त्याच्या आत चाललो आहोत; पांढऱ्या भिंती, पांढरी छतं, एका दालनातून दुसऱ्यात, कुठंच दार नाही. मग ऊब वाढे आणि भिंती हळूच एकमेकींकडे झुकू लागत. घरी भाजी चिरताना ती मध्येच थांबली की मुलगी विचारी, “आई, गेलीस का परत त्या छिद्रांत?”

“आलेच,” ती म्हणे, आणि खरोखरच कुठूनतरी परत येई.

बाईची एक सवय होती. शेकलेल्या पडद्यातून चाचणीसाठी चकत्या कापताना ती प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीनं लिही: डावीकडची, दारापाशी, मधली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात केमिस्टनं वाफेच्या भांड्यातून चकत्या काढल्या तेव्हा अकराव्या वाफेनंतर बाकी सगळ्यांची काच झाली होती. “उजवीकडची” तेवढी पांढरी होती.

“नशीब,” केमिस्ट म्हणाला. तिच्या मुलीच्या वयाचा होता.

“नशीब उजवीकडंच कशाला बसेल, साहेब?” म्हणत ती चौकटीकडे गेली. उजव्या बाजूचा एक चिमटा झिजला होता. तिथं पडदा घसरून सैल पडत होता.

ती बराच वेळ चौकटीसमोर उभी राहिली. इतकी वर्षं सगळे पडदा ढोलकीसारखा ताणून बसवत आले होते. ताणलेला पडदा भट्टीत आकसायला बघे, चिमटे त्याला आकसू देत नसत. मग चौकटीतून सुटल्यावर, वाफ लागली की तो राहिलेलं सगळं आकसणं उरकून घेई आणि छिद्रं मिटत. त्याला जेवढं आकसायचंय तेवढं भट्टीतच आकसू दिलं तर?

फिटरनं ऐकून कपाळावर हात मारला. “बाई, आख्ख्या नोकरीत लोकांनी मला घट्ट कर, घट्ट कर एवढंच सांगितलं. सैल कर म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या!”

“मग कर की. फुकटची विश्रांती.”

पहिल्या खेपेला पडदा फारच सैल सोडला. दोन तासांनी दार उघडलं तर आख्खी काच. दुसऱ्या खेपेला हात आखडला आणि बाराव्या वाफेला पडदा गेला. मुदतीचे चार दिवस उरले. तिसऱ्या खेपेला बाईनं चिमटे स्वतः लावले. चौकट आडवी धरली, पडद्याला मध्ये पोट येऊ दिलं, थोडं ओढलं, परत सोडलं.

“पडद्याला पोट आलंय,” फिटर म्हणाला.

“तुझ्याएवढं नाही.”

त्या दुपारी काचेतून तिनं पाहिलं. पोट आधी आणखी जरासं खाली आलं, जणू पडद्यानं उसासा सोडला. मग तासाभरात तो स्वतःच वर वर चढत गेला आणि अगदी सपाट होऊन थांबला. चिमट्यांवर कसलाच ताण नव्हता. तिच्या पांढऱ्या दालनांत भिंती एकदाच हलल्या आणि जागच्या जागी बसल्या.

वीस वाफा झाल्या. पंचवीस झाल्या. तिसाव्या वाफेनंतर चकत्या पांढऱ्याच होत्या आणि पाणी पहिल्यापेक्षा थोडं सावकाश, पण जात होतं. मॅनेजर येऊन बघून गेले. भट्टी चालू राहणार होती.

“आता पद्धत लिहायला हवी,” केमिस्ट म्हणाला. “किती सैल सोडलात?”

“एवढा.” तिनं हवेत बोटांनी दाखवलं.

“बाई, ‘एवढा’ लिहून चालत नाही.”

तिनं नवा पडदा तसाच बसवला. केमिस्टनं पट्टी उभी धरून पोट मोजलं. “एकतीस मिलिमीटर.”

“तेहतीस लिहा.”

“अहो, एकतीस आहे. हे बघा.”

“हा गार आहे. आत गेला की आकसायच्या आधी दोन मिलिमीटर उतरतो. तेवढी जागा खाली सोडली नाही तर तळाच्या पत्र्याला चिकटेल.”

केमिस्टनं काचेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही हे कधी मोजलंत?”

“मोजलं नाही. बसले होते ना समोर.”

त्यानं दोन्ही आकडे लिहिले: गार एकतीस, तापल्यावर तेहतीस. बाईनं वहीवरून एकदा नजर फिरवली, चौकट उचलून आत सरकवली, दार लावलं आणि स्टूल पुढे ओढलं.