एस्टीचा रस्ता

मावसबहिणीचं लग्न नरखेडकडच्या एका खेड्यात होतं. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहावा लागतो, आणि तो मामा मोटारसायकलवर रस्ता चुकला होता. मी साइडकारमध्ये आहेराची परात धरून बसले होते. काटोलच्या पुढे आम्ही एका म्हाताऱ्याला वाट विचारली. तो सांगत बसला नाही. धोतर सावरून मामाच्या मागे चढला.

“चाला. मले एस्टीचा सारा रस्ता पाठ आहे.”

खरंच पाठ होता. प्रत्येक फाट्यावर तो मामाच्या खांद्यावर थाप मारायचा. आम्ही गावात शिरायचो, स्टँडावर वळसा घ्यायचो आणि पुन्हा हमरस्त्याला लागायचो. एका गावात तर त्याने गाडी बंदच करायला लावली.

“आता काहून?” मामाने विचारलं.

“इथं कंडक्टर चाय पेते.”

“अहो बुवा, मुहूर्त टळून राहिला. सरळ रस्ता नाही काय?”

“आहे ना भाऊ. पण तिकडून एस्टी नाही जात.”

हे त्याने अगदी कळवळ्याने सांगितलं. मामाने चहाची वाट न पाहता किक मारली. मला हसू आवरेना. अनोळखी माणसासमोर हसायचं कसं, म्हणून मी परातीआड तोंड लपवलं.

आम्ही पोचलो तेव्हा मुहूर्त टळलेला होता आणि नवरी तशीच बसून होती. वऱ्हाड एस्टीने येणार होतं, ते अजून आलंच नव्हतं. मामाने सुस्कारा सोडला.

म्हातारा मात्र मागच्या सीटवरून उतरेना. मोकळ्या रस्त्याकडे पाहत तो मामावर चिडला.

“चाय होऊ द्या म्हटलं होतं ना. आलो ना आपण एस्टीच्या आधी.”